नाचती भट्टी आणि मलकापूरचं मंजन

तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता, असं कुणी विचारलं की मी आधी त्याला वेळ किती आहे ते बघतो. वेळ कमी असेल तर ‘कारखान्यात होतो’ एवढंच सांगतो. वेळ असेल तर म्हणतो, मी आयुष्यभर पावडर उकळवली. यावर माणूस एकतर उठून जातो, नाहीतर खुर्ची जवळ ओढतो. पुढचं सगळं खुर्ची जवळ ओढणाऱ्यांसाठी आहे.

एक उभी काचेची नळी घ्या. तिच्या बुडाशी बारीक भोकांची ताटली बसवा आणि वर कोरडी वाळू भरा. आता खालून हवा सोडा. हवा थोडी असेल तर वाळू ढिम्म राहते. हवा वाढवत नेली की एका क्षणी दाणे एकमेकांपासून सुटे होतात, वाळू जराशी वर चढते आणि आधणाच्या पाण्यासारखी उकळायला लागते. लिंबू टाकलं तर तरंगतं, लोखंडी नट टाकला तर बुडतो. साध्या भट्टीत बुडाचा माल करपतो आणि वरचा कच्चा राहतो. या उकळत्या पावडरीत मात्र प्रत्येक दाण्याला सारखी आच लागते, सारखी हवा मिळते. मलकापूरच्या कामगारांनी तिचं नाव ‘नाचती भट्टी’ ठेवलं होतं. आमच्या पुस्तकातल्या नावापेक्षा मला तेच आवडतं.

ही गंमत चार इंचांच्या नळीत कुणीही करून दाखवील. तीच चार फुटांच्या टाकीत करून दाखवणं, हा माझा धंदा. चौघांचा स्वयंपाक करणारी बाई चारशेंच्या पंगतीला उभी राहिली की सगळं शंभरपट घेऊन भागत नाही, तसंच हे आहे. नळी अरुंद असते, म्हणून तिच्यात हवेचा बुडबुडा मोठा व्हायला जागाच नसते. टाकीत त्याला अडवणारं कुणी नाही. तो फुगत फुगत वर येतो, धाडकन फुटतो, आणि आजूबाजूचा माल हवेशिवाय कोरडाच राहतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. गाव वडनेर भोलजी, शिक्षण नागपूरला, आणि बोलताना चुकून ‘मले’ निघालं की सगळी प्रयोगशाळा हसायची, म्हणून मी फार जपून बोलत असे. एक दिवस आमच्याच भागातल्या मलकापूरचे एक शेठजी आले. त्यांची तेलाची गिरणी होती, शेजारी कापसाचं जिनिंग होतं. सरकीचं तेल निघतं तेव्हा काळपट लाल असतं. त्याचा रंग काढायला एक खास कोळसा लागतो, आणि तो त्यांना लांबून मागवावा लागे. आपल्याकडे पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांचे, ढीग पडलेले असतात, त्यांचा कोळसा करून तो घरीच का बनवू नये, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. साधा कोळसा लालबुंद तापवून त्यातून वाफ सोडली की त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि तो तेलाचा रंग शोषून घेतो. हे काम नाचत्या भट्टीत उत्तम होतं.

आमच्या साहेबांनी त्यांना वाळूत तरंगणारं लिंबू दाखवलं. शेठजींनी ते बराच वेळ बघितलं, मग बाहेर काढून वास घेतला आणि खिशात टाकलं. जाताना म्हणाले, करा. पुढच्या आठवड्यात पऱ्हाटीच्या कुटलेल्या कोळशाची सहा पोती रेल्वेने पुण्याला आली.

आठ महिने आम्ही त्या पोत्यांवर प्रयोग केले. नळीतली भट्टी अशी सुरेख नाचत असे की पाहुणे आले की साहेब त्यांना चहाच्या आधी तिच्याकडे घेऊन जात. मग एक दिवस साहेब म्हणाले, आता मलकापूरला जा आणि मोठी बांधून दे. मी तिशीच्या आतला, अंगात मस्ती होती. घरी वडनेरला गेलो तेव्हा माय म्हणाली, एवढं शिकून शेवटी कोळसाच करायला आला का. मी तिला लिंबाची गोष्ट सांगितली. तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

टाकी उभी राहिली. बुडाची ताटली मलकापूरच्याच एका लोहाराने भोकं पाडून दिली. भट्टीतून हवेबरोबर बारीक भुकटी उडून जाते, ती पकडून परत आत सोडायला वर एक नळकांडं बसवलं होतं. त्यात हवा गरगर फिरते आणि भुकटी खाली पडते. आमच्यात त्याला भोवरा म्हणत. पहिली चाचणी मी स्वतः घेतली, थंड हवेवर, अर्धी टाकी भरून. हवेचा व्हॉल्व्ह माझ्या हातात होता. भट्टी पहिल्या फटक्यात नाचली. मी त्याच दिवशी पुण्याला तार केली, आणि माझ्या पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ त्या तारेत आहे. नाचून दाखवलेली भट्टी नंतर बिघडली, हे कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

टाकी रिकामी केली तेव्हा ताटलीच्या काही भोकांत खडे अडकलेले दिसले. पऱ्हाट्या खड्ड्यात जाळत, त्यामुळे कोळशात माती-खडे असायचेच. शेठजींनी खडे वेचायला जिनिंगमधल्या आठ बाया दिल्या. त्यांची म्होरकी गिरजाबाई. ती मूळची आमच्याच वडनेरची, माझ्या मायच्या बरोबरीची. सगळे मला साहेब म्हणत, ती मात्र बापू म्हणे, आणि माझंही सगळं पुणेरी सोंग तिच्यासमोर गळून पडे. त्याच आठवड्यात व्हॉल्व्हवर कायमचा माणूस म्हणून नारायण आला. जिनिंगच्या इंजिनावर दहा वर्षं काढलेला, बोलायला कमी, कान तीक्ष्ण. यंत्राचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झाला ते तो बाहेरून सांगायचा.

बायांचं काम सुरेख होतं. सकाळी मी फाटकातून आत यायचो तेव्हा शेडमध्ये आठ सुपं लयीत हलत असायची. त्या तालाने मला घर आठवायचं आणि बरं वाटायचं. दोन दिवसांत माल असा चकचकीत झाला, दाणा न् दाणा वेगळा, ज्वारीसारखा टपोरा. मी खूश होऊन सगळ्यांना जिलेबी वाटली. ही जिलेबी लक्षात ठेवा.

मग पूजेचा दिवस आला. शेठजी पांढराशुभ्र कोट घालून आले, गावातली मोठी मंडळी आली, भटजी आले. टाकी पूर्ण भरलेली होती. वरच्या झरोक्यातून आत झेंडूची फुलं टाकायची आणि ती उकळत्या कोळशावर नाचताना सगळ्यांनी बघायची, ही माझी कल्पना. मी नारायणला खूण केली, त्याने व्हॉल्व्ह उघडला, शेठजी झरोक्यावर वाकले आणि ओंजळभर फुलं सोडली. आतून गुडगुड असा आवाज आला. मग एक ढेकर आली म्हणावं असा गोळा फुटला, आणि फुलं, कोळसा, हळदकुंकू सगळं झरोक्यातून बाहेर आलं. शेठजींचा कोट, भटजींचं उपरणं आणि मलकापूरच्या निम्म्या प्रतिष्ठितांचे चेहरे एका रंगाचे झाले. एक झेंडू शेठजींच्या टोपीवर बसला होता. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे पंधरा दिवस भट्टी एकदाही धड नाचली नाही. ठोके द्यायची, मधूनच उसळायची, आणि कडेचा माल जागचा हलत नसे. मी ताटली बदलली, लोहाराकडून भोकं बारीक करून घेतली, पंख्याचा वेग बदलला. एकदा नारायण जवळ येऊन म्हणाला, “साहेब, आवाज बदलला. पह्यल्या दिवशी मी जिनिंगमदून आयकलं, भट्टी गुरगुरे, आता आदळून राह्यली. माल वेगळा वाटते.” मी म्हटलं, माल तोच आहे, उलट आता स्वच्छ आहे. तो परत व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिला.

शेठजी चांगले माणूस होते, पण कोट विसरले नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, भट्टी चालली तर ठीक, नाहीतर ती टाकी तेल साठवायला घेतो, आणि तुम्ही पुण्याला जा. आखाजीला तीन आठवडे उरले होते. पुण्याला काय तोंड दाखवणार होतो मी? तार तर तिथल्या फळ्यावर चिकटवलेली होती.

माणूस अडचणीत आला की हिशेबी होतो. मीही हिशेब केला. पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह माझ्या हातात होता तेव्हा भट्टी नाचली, नारायण आल्यावर बिघडली. मी शेठजींना एक पत्र लिहिलं. नारायण यांच्या हलगर्जीपणामुळे भट्टी बिघडत आहे, त्यांना या कामावरून दूर करावे. अक्षर माझं छान होतं, पुण्यात सगळे वाखाणत. दुसऱ्या दिवशी नारायणला परत जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला पाठवलं. जाताना त्याने व्हॉल्व्हचं चाक फडक्याने पुसलं आणि फडकं माझ्या टेबलावर घडी करून ठेवलं.

त्याच दुपारी व्हॉल्व्ह मी स्वतः हातात घेतला. भट्टी तशीच आदळली. म्हणजे नारायणचा दोष नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी शेठजींकडे गेलो नाही. आधी खरं कारण सापडू दे, मग सांगू, असं स्वतःला समजावत दोन आठवडे काढले. या गोष्टीची लाज मला आजही वाटते, आणि ती लिहायला दिवाळी अंकाचं निमित्त व्हावं लागलं, याचीही वाटते.

आखाजीला पाच दिवस राहिले असताना मी दुपारी शेडच्या पायरीवर भाकर खात बसलो होतो. गिरजाबाई आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बापू, त्या भुकटीचा काई तरी बंदोबस्त कर. शेडमांगं डोंगर होऊन राह्यला.”

कसली भुकटी, मी विचारलं. तिने पदराच्या गाठीतून एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, कोळशाची, मंजनाला फस्क्लास आहे, आमची अख्खी आळी हिनेच दात घासते, तुझ्या मायला पण घेऊन जा. मी पुडी सोडली. आत मैद्यासारखी मऊ, काळी भुकटी. चिमटीत घेऊन चोळली आणि माझ्या तोंडचा घास तोंडातच राहिला. ही भुकटी माझ्या ओळखीची होती. पुण्याला आठ महिने माझ्या नखांत, कॉलरीत, उशीच्या अभ्र्यावर हीच असायची. मलकापूरला बाया कामावर आल्यापासून मात्र माझे हात स्वच्छ होते, आणि ते का, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मी तिला विचारलं, ही कुठून काढली.

“कुठून म्हंजे? पाखडून. तू खडे काढा म्हनला, ते तं काढलेच. पन पाखडल्याबिगर माल भट्टीत टाकाव का? तुह्या मायनं कधी बिनपाखडली जवारी दयली काय?”

शेडमागे जाऊन पाहिलं तर खरोखरच डोंगर होता. शेजारच्या कडुनिंबाची अर्धी पानं काळी झाली होती.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. टपोऱ्या दाण्यांमध्ये मोठमोठ्या फटी राहतात. हवा त्यांतून वाट काढते, गोळा होते आणि मोठा बुडबुडा बनवते. त्याच फटींत बारीक भुकटी असली की हवेला मोठी वाट मिळत नाही, बुडबुडे लहान राहतात आणि सगळा माल सारखा नाचतो. पुण्याला आलेली सहा पोती थेट कुटणीवरून भरलेली होती, भुकटीसकट. आमच्या एकाही कागदावर भुकटीचा उल्लेख नव्हता, कारण ती न मागता मिळाली होती. पहिल्या चाचणीचा मालही तसाच होता. मग बाया आल्या, त्यांनी घरच्या धान्याइतक्या निगुतीने काम केलं, आणि मी त्याबद्दल जिलेबी वाटली. भोवऱ्यात भुकटी पडत नाही, म्हणजे माझं बांधकाम किती उत्तम, अशी मी रोज स्वतःची पाठही थोपटून घेत होतो. त्या सुपांचा ताल लहानपणापासून कानात बसलेला, म्हणून तर रोज समोर बघूनही मला दिसला नाही. पुण्याचा एखादा नवखा असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, या बाया काय उडवत आहेत.

मी गिरजाबाईला म्हटलं, ही भुकटी परत मालात मिसळा. ती सरळ नाही म्हणाली. “शेठजी पाह्यतीन तं म्हनतीन, गिरजा म्हतारी झाली, कचरा भरून राह्यली. मले नाव ठेवतीन. मी नाई टाकत.” तिचंही खरं होतं. तिच्या हाताखालून न पाखडलेला माल जाणं ही तिच्या दृष्टीने बेअब्रू होती, आणि त्या कामाचं मीच कौतुक केलेलं होतं. मी सांगितलं, शेठजींना मी इथे आणतो आणि तुझ्यासमोर सांगतो की चूक माझी आहे. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, मग आण.

त्याआधी मी जिनिंगमध्ये गेलो. नारायण गाठीवर बसून पाणी पीत होता. मी म्हटलं, चल, भट्टी सुरू करायची आहे, व्हॉल्व्ह तूच धरायचा. त्याने तांब्या खाली ठेवला.

“येतो. पन साहेब, पह्यले चार मानसाईच्या समोर सांगा, का भट्टी माह्यानं बिघडली नव्हती.”

त्या दिवशी चार नव्हे, चाळीस माणसं जमली. शेठजी आले, या वेळी खाकी कोट घालून. मी सांगितलं की भट्टी नारायणने बिघडवली नाही, बायांनी तर नाहीच नाही, मी बिघडवली, आणि कशी तेही सांगितलं. गिरजाबाईने मग स्वतः सूप हातात घेतलं आणि प्रमाण ठरवलं. दर सात सुपं मालाला दोन सुपं भुकटी. एवढंच का, म्हणून विचारलं तर म्हणाली, कुटणीतून निघतो तेव्हा एवढंच असते, आमी पाखडतो, आमाले मालूम नाई काय.

टाकी भरली. नारायणने व्हॉल्व्हवर हात ठेवला, डोळे मिटले आणि हळूहळू चाक फिरवत नेलं. सुरुवातीला नुसती सळसळ झाली. मग एक बारीक, सलग गुरगुर ऐकू यायला लागली आणि त्याचा चेहरा उजळला. झरोक्यावर वाकायला कुणी पुढे येईना, तेव्हा गिरजाबाईच गेली. तिने झेंडूचं एक फूल आत टाकलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं की फूल नाचतंय. शेठजी तरी हातभर लांबूनच बघत होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहिला तापवलेला कोळसा निघाला. त्यातून गाळलेल्या सरकीच्या तेलाला रंग कसला तो राहिला नव्हता. शेठजींनी त्याच तेलात भजी तळवली. मी मोजली, त्यांनी अकरा खाल्ली. महिन्याभराने पुण्याचे साहेब बघायला आले. भुकटीचं प्रमाण कसं काढलंस, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना गिरजाबाईसमोर उभं केलं, आणि त्यांनी मुकाट्याने वहीत ‘सात सुपं, दोन सुपं’ लिहून घेतलं. त्यानंतर मी देशभर बऱ्याच भट्ट्या बांधल्या. कुठेही गेलो की ऑफिसात जाण्याआधी शेडमागे जाऊन कचऱ्यात काय पडलंय ते बघायचो. लोकांना ते विचित्र वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी नारायणच्या मुलीच्या लग्नाला मी मलकापूरला गेलो. तोपर्यंत शेठजी गेले होते, गिरणी दुसऱ्या कुणीतरी घेतली होती आणि माझी भट्टी मोडीत निघाली होती. मांडवात गिरजाबाई भेटली, सत्तरीच्या पुढची. हसली तेव्हा सगळे दात जागच्या जागी. म्हणाली, बघ, तुझ्याच भट्टीचं मंजन.

नारायणने मला हाताला धरून मांडवाच्या कडेला नेलं. सदऱ्याच्या खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढून उलगडला. गिरणीचं जुनं दफ्तर निकालात निघालं तेव्हा मुनीमजींनी त्याला तो दिला होता. माझंच पत्र होतं ते. नारायण यांच्या हलगर्जीपणामुळे. अक्षर खरंच सुरेख होतं.

मी म्हटलं, नारायण, मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं रे.

“सांगतलं होतं, साहेब. मी इसरलो नाई. पन तोंडानं सांगतलं ते हवेत गेलं. हे कागदावर राह्यलं.” त्याने खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. “याच्या खाली लिहा.”

मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: वरील मजकूर खोटा आहे. भट्टी नारायणमुळे बिघडली नव्हती, माझ्यामुळे बिघडली होती. नारायणने मला कारण आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खाली सही केली. गुडघ्यावर लिहिलेलं, त्यामुळे अक्षर काही वाखाणण्यासारखं आलं नाही.

त्याने चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्या पाठीवर हात टाकून म्हणाला, “चाला आता, पंगत बसून राह्यली.”